वाळवीने खाल्लेले तिसरे कलम

मी, मंदाकिनी मनोहर दाणी, वय ५४, टाउनशिपच्या शाळेत जीवशास्त्राची शिक्षिका, सर्वप्रथम तक्रार नोंदवते की माझे आधीचे मृत्युपत्र वाळवीने खाल्ले. सगळे नाही. नेमके तिसरे कलम, ज्यात साकेत नगरचे घर माझ्या भाचीला, कांचनला, दिले होते. नव्या स्टँपपेपरसाठी भर उन्हात दोन खेपा पडल्या. पहिल्या खेपेला बाबू जेवायला गेले होते.

तरीही मी पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहिते. शुद्धीचा उल्लेख मुद्दाम. मला मूलबाळ नाही, यजमान गेले. हे पत्र टिकले नाही तर घर माझे दीर विश्वास यांना जाईल. म्हणून ते कॉलनीभर सांगतात, "वहिनींचं डोकं फिरलंय. लोक वाळवी मारतात, या तिची पोटं तपासतात!" तर भावजी, ऐका.

१. वाळवीला एकटीला लाकूड पचत नाही. तिच्या आतड्यातले सूक्ष्मजीव ते पचवतात. त्या सूक्ष्मजीवांच्याही आत जिवाणू राहतात आणि त्यांना पोसतात. वेड्या बाईला हे इतके सरळ सांगता येत नाही.

२. घर कांचनचेच. पोखरलेली चौकट तिने बदलावी. घर बांधताना यजमानांची ड्यूटी कारखान्यात, उन्हात गवंड्यापाशी उभी मी. दारावरची पाटी मात्र "इंजिनिअर दाणी". ती पाटी भावजींना, स्क्रूसकट.

३. सूक्ष्मदर्शक शाळेला. कपाटात कुलपात ठेवला, तर कांचनने भांडून परत आणावा.

४. माझ्या वहीत लिहिले आहे, "सूक्ष्मजीवाच्या आतले जिवाणू मी पाहिले." त्यावर टाउनशिपने सत्कार करून मला भिंतीवरचे घड्याळ दिले. खरे असे: काचपट्टी लावून मी चहाला गेले होते. प्रयोगशाळेतले सेवक दत्तू सोनकुसरे यांनी भिंगात डोकावून हाक मारली, "मॅडम, याच्या पोटात बी कोनी हाये!"

"सरका. डाग असेल."

डाग नव्हता. सत्काराला खुर्च्या दत्तूंनीच मांडल्या.

वहीतला "मी" आज खोडून त्यांचे नाव लिहिले. या पत्रात त्यांना काही देत नाही. लाभार्थ्याची साक्ष चालत नाही, आणि मला साक्षीला तेच हवेत. घड्याळ सकाळीच त्यांच्या भिंतीवर लावून आले.

मंदाकिनी म. दाणी
भोपाळ, १९ एप्रिल १९९६

साक्षीदार:
१. दत्तू सोनकुसरे (आधी यांनी पाहिले)
२. रत्नप्रभा पिंपळापुरे, शेजारीण