छत्रीच्या आड आलेला मोह

प्रिय दक्षा,

फोनवरच बोलले असते, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि तुझी सासू मध्येच माझ्या कोंबड्यांची चौकशी करते. म्हणून लिहिते. अक्षर वाकडं आहे, तसंच वाच.

तुझ्या आजाने होळीला टीव्हीची छत्री बसवून घेतली. अंथरुणात पडून छप्पर किती बघायचं, म्हणाला. तेव्हा अंगणातल्या मोहाला एक पान नव्हतं. चित्र असं लख्ख, की हा पडल्या पडल्या कबड्डीवाल्यांना शिव्या घालायचा. आता पालवी दाट झाली आणि टीव्हीत नुसते चौकोन. डहाणूचा डिशवाला परत आला. छत्री कुडामागे लावली, गोठ्यावर चढवली, बांबूला बांधली. शेवटी म्हणतो, आजी, दक्षिणेचं आभाळ मोकळं पाहिजे, ती मोठी फांदी तोडा. मी म्हटलं, होळीला डोळे कुठे ठेवले होतेस रे? झाडाला पानं येतात, हे शाळेत शिकवत नाहीत का?

कोयता मी काढलाही. तुझा आजा ओरडला. उठता येत नाही, ओरडता येतं. जमीन माझी, झाड जयवंतीचं, म्हणे. तुझ्या आईला लग्नात तो मोह त्यानेच दिला होता. दर वर्षी ती उधव्याहून फुलं वेचायला यायची आणि बापलेक झाडाखाली भांडत बसायची. ती गेली, आता झाड तुझं. दक्षा हो म्हणेपर्यंत फांदीला हात लावायचा नाही, असं त्याचं म्हणणं. यंदाही फुलं मीच वेचली. आई गेल्यापासून तू आली नाहीस. अंगणात आई दिसते, म्हणतेस. मलाही दिसते. मी कुठे जाऊ?

हो म्हणायला फोन पुरतो, एवढं मला कळतं. पण बाय, दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरने त्याला परत घरी न्यायला सांगितलंय. आवडेल ते खाऊ घाला, म्हणाला. त्याला मी हे बोललेले नाही. तो त्या चौकोनांकडे बघत पडलेला असतो आणि रस्त्यावर रिक्षा वाजली की मान वळवतो. विचारलं तर म्हणतो, डिशवाला आला वाटलं. खोटारडा! फांदी तोड म्हण, नको म्हण, पण त्याच्याजवळ बसून म्हण. तुझ्या नवऱ्याला, नविनला, सुट्टी नसेल तर मसोलीहून एकटी निघ, पण या आठवड्यातच. आणि रडायचं ते अंगणात रडून घे, मग आत ये.

तुझीच, तोंडाने तिखट,
सुकी आजी