ओल्या आभाळाला कुंकू

६ जानेवारी २००३
माझ्या आभाळाच्या चित्रांच्या प्रदर्शनाला हॉल मिळाला! पुण्यात, फेब्रुवारीत. शाळा सुटल्यावर कळंबच्या रस्त्याने एकटीच हसत घरी आले. सासूबाईंना सांगितलं, तर लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "आभाळ बघाया लोकं पुण्यात जात्यात व्हय? वर मान केली की फुकाट दिसतंय की!"
हे मात्र खूश. म्हणाले, "पिकअपमधून मीच नेतो. टोमॅटोचे क्रेट खाली, तुझी आभाळं वर!"

१२ जानेवारी
सकाळपासून गच्चीवर. शेजारच्या सरूबाई खालून ओरडल्या, "मास्तरीणबाई, पाऊस येतोय का वो?" म्हटलं, येतोय, निळ्या ट्यूबमध्ये अडकलाय!
छोटी चित्रं झाली. मोठं राहिलंय — मळ्यावरची सकाळ. खाली कांद्याची हिरवी पट्टी, बाकी सगळं आभाळ. सासूबाईंच्या लेखी माझी शाळा ही नोकरी आणि चित्रं हा नाद. पोरं नाहीत का गोट्या खेळत, तसा. खुपतं हे. एवढ्या एका प्रदर्शनाने तरी त्यांना पटावं की हे काम आहे.

१७ जानेवारी
जमलं!! मोठं जमलं!

१८ जानेवारी
वाळत नाही. या थंडीत तेलरंग म्हणजे रुसलेला जावई.

२० जानेवारी
चित्र गच्चीवर उन्हाला ठेवून शाळेत गेले. परत येते तर आभाळाच्या मधोमध कुंकवाची पाच बोटं! ओल्या रंगात, चांगली दाबून ओढलेली! समोर उदबत्ती, फोडलेला नारळ.
सासूबाई निवांत. "घराबायेर निघालीय वस्तू. पिकअपला लावलं, मोटारीला लावलं. हिला नको?"
माझं डोकंच सणकलं. "तुम्हाला काय कळतंय यातलं!" म्हणाले, आणि त्यांच्यासमोरच सुरीने सगळं खरवडून काढलं. माझ्यासाठी आणलेलं खोबरं तिथंच ठेवून त्या खाली गेल्या.

२२ जानेवारी
खरवडलेल्या जागी निळा-पांढरा रंग दिला. सकाळी बघते तर गुलाबी! परत दिला. परत गुलाबी! कुंकू वरच्या थरातून फुटून येतंय. शेवटी कुंकू कोणाचं!
खाली मात्र सगळं गार. "भाकर घे" यापलीकडे सासूबाई बोलत नाहीत.

२५ जानेवारी
ह्यांच्यापुढे रडगाणं गायले. हे म्हणाले, "आई काय कुठल्याबी नव्या वस्तूला कुंकू लावती व्हय? टीव्ही आला तवा लावलं? फ्रीजला लावलं?"
नाही लावलं. पिकअपला लावलं, विहिरीवरच्या मोटारीला लावलं. म्हैस आणली तेव्हा तिलाही.
"ज्याच्यावर घर चालतं, त्यालाच लावती ती. बाकीचं समदं मिरवायचं, आसं तिचं म्हननं."
हे झोपायला गेले. मी ब्रश धुऊन ठेवला. गुलाबी आहे तसंच राहू दे. नाद म्हणतात, नाद म्हणतात, असं धरूनच बसले होते मी. आणि त्यांनी नारळ फोडला होता!

२ फेब्रुवारी
सासूबाईंना म्हटलं, "आत्या, चुकलं माझं. चला ना पुण्याला."
"कांदं काढायचंत," म्हणाल्या. मान वर केली नाही.
फार वाईट वाटलं.

८ फेब्रुवारी, पुणे
उद्घाटन झालं. गर्दी बरी. एका गृहस्थांनी मोठ्या चित्रापाशी विचारलं, "ही गुलाबी छटा कशी साधलीत?" म्हटलं, घरगुती उपाय!
दिवसभर दाराकडेच लक्ष होतं. हे मार्केटमध्ये क्रेट उतरवून आले. एकटेच.

९ फेब्रुवारी
चहा पिऊन येते तर हॉलमध्ये सासूबाई! एकट्या एसटीने आलेल्या, ठेवणीतलं लुगडं, हातात करंडा. एकेका चौकटीला कुंकवाचं बोट लावत चाललेल्या. मला म्हणाल्या, "या बारीला लाकडालाच लावलंय. आभाळाला न्हाई." लोक बघत होते. बघू देत!
मोठ्या चित्रापुढे थांबल्या. बराच वेळ बघितलं आणि करंडा मिटला.
"आत्या, ह्याला?"
"ह्याला कशाला परत? ह्याला लागलंय की."