कपातलं तपकिरी पाणी

सर,

प्रयोगशाळा या उन्हाळ्यात रंगवायची आहे, म्हणून जुन्या सामानाची निर्लेखन यादी, म्हणजे काय काय मोडीत काढायचं त्याची यादी, करायचं काम माझ्याकडे आलं. कपाटामागे, फुटक्या सूक्ष्मदर्शकाच्या पेटीखाली, तुमचं नळकांडं सापडलं. चार इंची पीव्हीसी पाइप, डोक्यावर फेस साठायला प्लास्टिकच्या बरणीचा केलेला कप, बाजूला एल्बो आणि व्हॉल्व्ह. पाणी कुठून आत येतं ते दाखवायला तुम्ही मार्करने काढलेला बाण अजून दिसतो. मी ते ओल्या फडक्याने पुसलं, आणि आज हे लिहायला बसले आहे.

तुम्ही डहाणूच्या किनाऱ्यावरचे. जव्हारला जीवशास्त्र शिकवायला आलात आणि जामसरच्या, पोशेऱ्याच्या मुलांनी समुद्र फक्त पुस्तकात पाहिलाय हे पहिल्याच वर्षी तुमच्या लक्षात आलं. एसटीने काही तासांवरचा समुद्र, आणि मुलं विचारत होती की तो नदीसारखा एका बाजूला वाहतो का. मग दर सोमवारी तुम्ही एसटीतून खाऱ्या पाण्याचे दोन कॅन घेऊन उतरायला लागलात. कंडक्टर विचारायचा, "मास्तर, जव्हारला मिठागर काढताय की काय?" तुम्ही हसून कॅन खांद्यावर घ्यायचात आणि स्टँडपासून शाळेपर्यंतची चढण चढायचात. मला हात लावू द्यायचा नाहीत. मी तेव्हा बावीस वर्षांची, नुकतीच लागलेली प्रयोगशाळा परिचर, अजून कायम न झालेली.

समुद्रातले मासे ठेवायला ओट्यावर मोठी काचेची टाकी, ओट्याखाली लहान. वरच्या टाकीतलं पाणी पाइपातून खालच्या टाकीत पडायचं, तिथे तुमच्या नळकांड्यातून फिरायचं आणि पंप ते परत वर चढवायचा. तुम्ही जमिनीवर पालथे पडून जोड लावताय, पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा उग्र वास पसरलाय, मी टॉर्च धरून बसलेय, हे मला आजही समोर दिसतं. खालच्या टाकीतलं पाणी बोटभर वाढलं की कप नुसत्या पाण्याने भरायचा, बोटभर उतरलं की फेस वर पोचायचाच नाही. ती एका बोटाची उंची साधायला तुम्हाला आठवडा लागला. ज्या दिवशी पहिल्यांदा दाट, तपकिरी फेस कपात येऊन बसला, त्या दिवशी तुम्ही मला जवळ बोलावून सांगितलंत, "माशांची घाण बुडबुड्यांना चिकटते आणि वर येते. तुझी आई डाळीवरचा फेस पळीने काढून टाकते ना, तेच हे. कप भरला की मोरीत ओतायचा. रोज."

मी मान डोलावली. माझी आई डाळीवरचा फेस टाकत नाही, हे मी बोलले नाही. ती तो कोंबड्यांच्या भांड्यात घालते. सूर्यमाळला आमच्या पाड्यावर उन्हाळ्यात कुठलंच पाणी टाकलं जात नाही. तांदळाचं धुवण, भांड्यांचं पाणी, हात धुतलेलं पाणी, प्रत्येकाला पुढची जागा असते. त्या वर्षीच्या चैत्रात आई विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरत होती. मी प्रयोगशाळेतली चंचुपात्रं धुतानाही तुम्ही एकदा रागावला होतात, "धुतेस की काचेला नुसतं पाणी दाखवतेस?" आणि मग नळ पूर्ण सोडून स्वतःच धुवून दाखवलं होतंत. मी त्या मोरीत जाणाऱ्या पाण्याकडे बघत उभी होते.

पहिल्या दिवशी कप मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी हात थांबला. तुम्ही खांद्यावरून आणलेलं पाणी, डहाणूहून, आणि ते मी रोज कपभर फेकून देणार. कप हलवला की फेस बसतो आणि खाली नुसतं चहासारखं पाणी उरतं. मला वाटलं, फेस निवला, आता यात वाईट काय राहिलं असणार. मी ते खालच्या टाकीत परत ओतलं. त्यानंतर रोज तसंच केलं.

तुम्ही खडकांतल्या डबक्यांतून धरून आणलेले सहा बारके मासे होते आणि शंखात राहणारा एक खेकडा. दोन आठवड्यांत पाणी पिवळं दिसायला लागलं. एक मासा गेला, मग दुसरा. तुम्ही म्हणायचात, फेस तर भरपूर येतोय, मग घाण राहते कुठे? तुम्ही जोडणी करवतीने कापलीत, पुन्हा चिकटवलीत, व्हॉल्व्ह बदललात, बुडबुडे सोडणारा हवेचा लाकडी ठोकळा बदललात. एकदा माझ्याकडे वळून विचारलंत, "कप रोज रिकामा करतेस ना?"

"हो सर."

तुम्ही लगेच पुन्हा टाकीखाली वाकलात. तुम्हाला संशय असा आलाच नाही.

त्याच दिवशी मी कप ओतत असताना एक मासा खालच्या टाकीत होता. तुम्ही त्याला वेगळं ठेवलं होतं. पाणी पडताच तो काचेच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेला आणि तिथेच तोंड उघडत राहिला. तेव्हा मला कळलं, फेस निवला तरी घाण त्या पाण्यातच होती. त्यानंतरचे सगळे कप मी मोरीत ओतले, पण टाकी तोवर नासली होती. मोखाड्याच्या दोन शाळांची मुलं समुद्र बघायला येणार म्हणून तुम्ही शनिवार ठरवला होता. ती आली तेव्हा टाकीत फक्त खेकडा होता. मुलं तरी खूश होती, काचेला नाक लावून बसली होती. मुख्याध्यापकांनी त्यांच्यासमोरच विचारलं की एवढा खटाटोप करून मिळवलं काय. तुम्ही म्हणालात, "माझ्या जोडणीतच खोट राहिली." मी मुलांना रांगेत उभं करत होते. नोकरी जाईल म्हणून गप्प बसले असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं तर कपभर पाणी टाकता आलं नाही, हे सगळ्यांसमोर सांगायची लाज वाटली.

खेकडा तुम्ही पुढच्या शनिवारी परत नेऊन सोडलात. त्यानंतर कॅन आले नाहीत. निवृत्तीपर्यंत तुम्ही फळ्यावरच समुद्र काढत राहिलात.

तुम्ही वारल्याचं कळल्यावर मी डहाणूला तुमच्या घरी, काकूंना भेटायला गेले होते. काकूंनी मला कॅलेंडरची जुनी पानं दाखवली. मागच्या कोऱ्या बाजूवर त्याच नळकांड्याची चित्रं, एल्बो इथे, एल्बो तिथे, पाण्याची पातळी, बाण, आणि जागोजागी प्रश्नचिन्हं. काकू म्हणाल्या, "यांना शेवटपर्यंत तेच. कुठे चुकलो म्हणायचे." चहा माझ्या हातात होता. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्हाला पोचलं नसतंच, पण त्यांना तरी कळलं असतं. मी चहा संपवला आणि चारची एसटी धरली.

परवा यादी लिहिण्याआधी मी नळकांडं तपासलं. बादलीत उभं केलं, लहान पंप जोडला, दुपारभर चालू ठेवलं. तुमचा एकही जोड गळला नाही. सर, जोडणीत खोट नव्हती, कधीच नव्हती. बादलीतलं पाणी मी नंतर दारातल्या जास्वंदीला घातलं.

काकू अजून त्याच घरात राहतात, पत्ता माझ्याकडे आहे. हे पत्र त्या पत्त्यावर जाऊ शकतं, आणि मी ते टाकणार नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. काल यादी मुख्याध्यापकांच्या सहीला गेली. वस्तू, फेस काढण्याचे नळकांडे. नग, एक. कारणाच्या रकान्याशी मी बराच वेळ थांबले, मग वरच्या सगळ्या ओळींत होतं तेच लिहिलं. नादुरुस्त.