दोन ओळींचं टाइमटेबल

१ ऑक्टोबर १९३६. अकोला, सकाळी ५.
आजपासून नियमित लेखन. ठरलं म्हणजे ठरलं. नऊ वर्षं कोर्टात नक्कलनवीस आहे, म्हणजे दिवसभर लिहितोच, फक्त दुसऱ्यांचं. निकाल साहेबांचा, अक्षर माझं. आता मजकूरही माझा.

परिस्थिती अनुकूल. घरात कोणी नाही. बंडूला जाऊन दोन महिने होतील. अकरा महिन्यांचा होता, तीन दिवसांचा ताप. गणपती झाल्यावर गोदावरी अंजनगावला माहेरी गेली. जाताना एवढंच म्हणाली, तुमी लिहिता ना, मग बंडूचं दोन ओळी लिहून पाठवा. फोटो काढायचा राहून गेला, मले त्याचं तोंड आठवेनासं होईल. पत्र आलं की येईन म्हणाली. नाही आलं तर काय, ते बोलली नाही.

मला काही वाटत नाही. लेखकाचं मन असं स्थिरच पाहिजे.

२ ऑक्टोबर. पावणेसात.
उशीर झाला. कारण काल पाचला उठल्यामुळे झोप राहिली होती.

३ ऑक्टोबर.
टाइमटेबल तयार केलं. लाल शाईच्या रेघा, काळ्या शाईची अक्षरं. ५ ते ५.१५ चिंतन. ५.१५ ते ५.२० बंडू, दोन ओळी. पुढं सातपर्यंत स्वतंत्र लेखन. दोन ओळींना पाच मिनिटं पुष्कळ झाली. भिंतीवर चिकटवलं. फार सुरेख दिसतं. सकाळ त्यातच गेली, पण वाया नाही गेली.

५ ऑक्टोबर.
लिहायला बसलो. टाक उजव्या कानावर ठेवायची नऊ वर्षांची सवय. हल्ली त्या कानाला काही लागलं की कसंतरी होतं, टाक काढून टाकावासा वाटतो. म्हणून डाव्या कानावर ठेवला. तिथून पडला, निब वाकली. नवी निब येईपर्यंत लेखन स्थगित.

८ ऑक्टोबर.
निब आणली. विचार केला, दोनच ओळी असल्या तरी त्या नीट उतरल्या पाहिजेत, तर आधी स्टाइल सुधारावी. रोज एका वस्तूचं वर्णन, अशी प्रॅक्टिस. आज मोरणा नदी घेतली. 'सदरहू नदी जुन्या शहरास लागून असून तिचा उगम कोठे, हे वादीस ठाऊक नाही.' थोडी कोर्टाची छाप पडली. पण भाषा प्रौढ आहे.

११ ऑक्टोबर.
थेट बंडूलाच हात घातला. 'सदरहू मुलगा, वय महिने अकरा, वर्ण सावळा, बांधा लहान, राहणार जुने शहर, अकोला.' इथं थांबलो. पुढं काय लिहितात?

तानुबाई भांडी घासायला आली होती. तिला वाचून दाखवलं. म्हणाली, बाबूजी, हे लेकरू हाय का चोर? पोलिसात वर्दी देऊन राहिले का तुमी?

अडाणी बाईला स्टाइल काय कळणार! कागद मात्र फाडला.

१४ ऑक्टोबर.
मोठी कल्पना सुचली. लेखन करण्याआधी लेखनावरच पुस्तक लिहायचं. नाव 'नियमित लेखनाचे नियम'. माझ्यासारख्या होतकरूंना उपयोग होईल. पहिलं प्रकरण, पहाटे उठण्याचे फायदे. सकाळी नऊला सुरू केलं, एका बैठकीत सात पानं! टाक थांबेना. हे एकदा हातावेगळं झालं की बंडूच्या दोन ओळी म्हणजे डाव्या हातचा मळ.

१९ ऑक्टोबर.
तिसरं प्रकरण पूर्ण. 'टाळाटाळ कशी टाळावी.' वेळ कमी पडला म्हणून बंडूची पाच मिनिटं त्याला दिली.

तानुबाईचा नवरा सहदेव येऊन गेला. तो अंजनगावच्या मोटरीवर ड्रायव्हर आहे, निरोप आणतो-नेतो. गोदावरी विचारते, पत्र टाकलं का. सांग म्हटलं, काम जोरात चालू आहे. सहदेवाला वाचता येत नाही. भिंतीकडे बघून म्हणाला, हे टाइमटेबल व्हय ना? मोटरीच्या आफिसात बी असंच लावेल हाय. मंग तुमची गाडी काहून सुटून नाही राहिली?

२३ ऑक्टोबर. अमरावती.
रजा काढून आलो. एका मासिकाचे संपादक गोपाळकृष्णपंत यांना हस्तलिखित दाखवलं. पुष्कळ वेळ पानं चाळत होते. म्हणाले, असं अक्षर मी आजवर पाहिलं नाही. मग विचारलं, लिहावं कसं हे सोडून दुसरं काही लिहिलं आहे का? म्हटलं, ते यानंतर. ते म्हणाले, नियम पुष्कळ आहेत हो, यात माणूस कुठं दिसत नाही. आणि आमच्या लेखकांच्या लेखांच्या स्वच्छ नकला करून द्याल का?

म्हणजे साहित्यात प्रवेश झालाच. माणूस दुसऱ्या आवृत्तीत घालू.

२५ ऑक्टोबर. दसरा.
वही सरस्वतीपुढं ठेवली. पूजेतली वही हलवू नये, म्हणून लेखन बंद. शास्त्रापुढं इलाज नाही.

२८ ऑक्टोबर.
वही अजून पूजेतच आहे. (हे सुट्या कागदावर लिहितो आहे.)

३१ ऑक्टोबर.
सहदेव म्हणाला, बाई आता काई विचारत नाही. मोटर आली का येते, उभी राह्यते, अन् चालली जाते.

विचारत नाही म्हणजे तगादा संपला. आता निवांतपणे लिहिता येईल. वांग्याची भाजी केली होती, जेवण गेलं नाही. मीठ जास्त पडलं असावं.

३ नोव्हेंबर.
पत्र टाकलं! ड्रॉवरच्या तळाशी एक कार्ड सापडलं. त्यावर मामंजींचं, म्हणजे गोदावरीच्या वडिलांचं नाव, अंजनगाव सुर्जी, सगळा पत्ता माझ्याच अक्षरात तयार. मागची बाजू कोरी. केव्हा लिहून ठेवलं आठवत नाही. याला म्हणतात दूरदृष्टी. चौथ्या प्रकरणात हेच सांगितलं आहे, साधनं आधीपासून तयार असावीत. वरचा एक कोपरा तेवढा उंदरानं खाल्ला आहे. मजकुराला त्यानं काही बाध येत नाही.

मजकूर असा. 'चि. सौ. गोदावरीस आशीर्वाद. माझे लेखन नियमित चालू असून पुस्तकाची पाच प्रकरणे झाली. बंडूचे काम दिवाळीनंतर हाती घेतो. प्रकृतीस जपावे.' दोन ओळी मागितल्या होत्या, चार दिल्या. स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

६ नोव्हेंबर. संध्याकाळ.
जसं झालं तसं लिहितो.

कोर्टातून येऊन पायरीवर टाक पुसत बसलो होतो. सहदेवाची मोटर अड्ड्यावर न थांबता आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली. आधी मामंजी उतरले, मग गोदावरी. एका हातात बांगड्या नव्हत्या. तिनं मला पाहिलं आणि तिथंच रस्त्यावर बसली. तानुबाईनं पाणी दिलं, ते तिच्यानं पिववेना.

मामंजींनी सांगितलं ते असं. पोस्टमन दाराबाहेरच उभा राहिला, ओटा चढेना. कार्डाचा कोपरा फाटलेला. मृत्यूच्या पत्राचा असतो तसा. जावई गेले म्हणत सासूबाईंनी हंबरडा फोडला. वाचायचा धीर कोणाला? असलं कार्ड घरात ठेवत नाहीत म्हणून मामंजींनी न वाचताच नालीत टाकलं. चुलीवरचं खाली उतरवलं आणि निघाले.

मी म्हटलं, उंदरानं खाल्ला होता. मामंजी म्हणाले, जावईबापू, उंदरानं खाल्ला तं दात दिसते. ते हातानं फाडेल होतं.

आमच्या घरात उंदीर नाहीत.

तेव्हा आठवलं. श्रावणात बंडू गेला त्या सकाळी मामंजींना कळवायला मीच ते कार्ड घेतलं. पत्ता लिहिला. कोपरा फाडला. कार्ड उलटं केलं आणि पुढं हात चालला नाही. सहदेवाजवळ तोंडी निरोप धाडला आणि कार्ड ड्रॉवरमध्ये टाकलं.

माझ्या लेखनानं आज पहिल्यांदा माणसं रडली. एक अक्षरही न वाचता.

७ नोव्हेंबर.
मामंजी सकाळी परत गेले. गोदावरी थांबली आहे, पण गाठोडं सोडलं नाही. मोटर उद्या दोनला आहे.

तिनं विचारलं, कार्डात काय होतं? सांगितलं. पाच प्रकरणं, दिवाळीनंतर, सगळं. ती भिंतीपाशी गेली, टाइमटेबल वाचलं. ५.१५ ते ५.२० वर बोट ठेवून बराच वेळ उभी होती. मला वाटलं रडेल. रडली नाही. मलाही रडू आलं नाही, आणि आज त्याची भीती वाटली.

८ नोव्हेंबर.
किती वाजता उठलो पाहिलं नाही. चिंतन केलं नाही. हे लिहिलं.

बंडू झोपताना माझा डावा कान धरायचा.

वही गोदावरीपुढं सरकवली. ओळ एकच, पण ती पुष्कळ वेळ वाचत होती. मग म्हणाली, उजवा. डाव्या खांद्यावर तुमी त्याले कधी घेतलंच नाही.

खोडलं. उजवा.

आणि मग मला लिहिता येईना. कागद दिसेना. ती माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, दुसरी ओळ मी सांगते, तुमी नुसती उतरवून घ्या. ते तं येते ना तुमाले?

येतं.

दोनदा भोंगा वाजला. सहदेव हाक मारून गेला, कोणी उठलं नाही.

आजचं स्वतःचं लेखन, एक ओळ, तीही दुरुस्त. नक्कल, नऊ पानं.