मयुरीच्या हातांचं माप

भेस्तान, सुरत

प्रिय योगेश,

फोनवरच बोलले असते, पण तुमच्या अकॅडमीत मोबाईल जमा करून घेतात आणि ऑफिसचा नंबर कालपासून कोणी उचलत नाही. शेजारचा दीपक दुपारच्या गाडीने अमळनेरला निघालाय, त्याच्या हाती हे देतेय. उभ्या उभ्या चाळू नकोस. बसून शेवटपर्यंत वाच.

मयुरीची जिल्ह्याच्या फुटबॉल संघासाठी निवड चाचणी झाली. आपल्या धाकटीला मधल्या फळीत खेळायचं होतं, हे तुला ठाऊकच आहे. पण तिच्या सरांचं ठरलेलं असतं. लहानखुऱ्या, चपळ मुली कडेला, ज्यांना लवकर दम लागत नाही त्या मध्ये, अंगाने भरलेल्या आणि चेंडूला डोकं लावायला न घाबरणाऱ्या मागे. उंच, लांब हातांची असेल ती गोलमध्ये. म्हणून वर्षभर मयुरी गोलमध्येच उभी. आधी रुसली, मग रमली. चाचणीला मीही उधन्याच्या मैदानावर गेले होते. उंची झाली, उडी झाली, धावणं झालं. मग भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरायला सांगितले. माप उंचीपेक्षा बरंच जास्त भरलं. सर खूश. म्हणाले, "ऐसे हाथ तो भगवान ही देता है."

मुलींना तपासायला एक डॉक्टरबाई आल्या होत्या, त्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तेच माप पुन्हा घेतलं. मयुरीला एका हाताने दुसरं मनगट धरायला लावलं, तर तिचा अंगठा करंगळीच्या पार पुढे गेला. चष्म्याचा नंबर विचारला. मग मला बाजूला घेऊन वडिलांचं विचारलं. मी सांगितलं, अण्णा लूमवर काम करता करता कोसळले, चाळिशीही झाली नव्हती, मे महिना होता, ऊन बाधलं असंच सगळे म्हणाले. "उंच होते?" मी हो म्हटलं. त्या परत गेल्या आणि मयुरीला म्हणाल्या, "बेटा, बूट काढ. आज खेळायचं नाही."

दुसऱ्या दिवशी हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी मुळाशीच फुगली आहे. फार जोर पडला तर फाटू शकते. जन्मापासूनचा दोष, त्यानेच हात आणि बोटंही लांब होतात म्हणे. गोळ्या सुरू झाल्यात, पुढे कदाचित ऑपरेशन करावं लागेल. नीट सांभाळलं तर पोर म्हातारी होईल, असं डॉक्टर म्हणाले, आणि मी ते एक वाक्य धरून बसलेय. फुटबॉल मात्र बंद. मयुरी रडली नाही. "जिथे पळायचं नसतं अशी कुठलीच जागा नाही का?" एवढंच तिने सरांना विचारलं. तेव्हापासून ती आमच्याशी नीट बोलत नाही. आई तिचे हात मांडीवर घेऊन बसते, त्यांत अण्णांचेच हात बघते आणि पुन्हा पुन्हा म्हणते, "ह्या तर बापना हात शेतस."

आता तुझं. हा दोष रक्तातून येतो, म्हणून डॉक्टरबाईंनी आपल्या सगळ्यांचं विचारलं. काल माझी तपासणी झाली. मी आईवर गेलेय, काही निघालं नाही. मग त्यांनी भावाचा फोटो मागितला. पाडव्याला अंगणात काढलेला तुझा तो फोटो दाखवला, तर त्या बोट लावून मोठा करून बघत राहिल्या. "हा काय करतो?" पोलीस भरतीसाठी रोज धावतो म्हटल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाल्या, "आजच थांबवा." तुझी मैदानी चाचणी सोमवारी आहे, ठाऊक आहे मला. कदाचित तुला काहीच निघणार नाही, मग पुढची भरती आहेच. माझ्यावर राग काढ, घरी येऊन भांड, पण तपासणी होईपर्यंत धावू नकोस. दीपकबरोबर परतीच्या गाडीने ये. स्टेशनवर सावकाश चालत जा, आणि बॅग त्याला उचलू दे.

तुझीच,
वैशालीताई