उद्घाटनात गेलेली वाडी

उमरोळी,
रविवार

ती. नरहरीमामांना ललितचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून सध्या कागदावरच घालतो.) तुमचा गुडघा आणि मामीचा रक्तदाब दोन्ही ताब्यात असतील अशी आशा आहे. फोनच केला असता. पण फोनवर तुम्ही "बोल" म्हणता आणि पुढे स्वतःच बोलता. म्हणून पत्र.

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजात प्राध्यापकांसाठी शिबिर झाले. संशोधनाच्या अनुदानाचे प्रस्ताव आता कागदावर घेत नाहीत, ऑनलाइनच पाठवायचे. ते शिकवायला मुंबईहून हिमानी मॅडम आल्या होत्या. बिचाऱ्यांची सकाळ पासवर्डातच गेली. आमच्या विभागप्रमुख पुष्पलता मॅडमनी पडद्यावरचे पान छापून घेतले, त्यावर सही ठोकली आणि हे कुठल्या खिडकीवर द्यायचे ते विचारले. भौतिकशास्त्राचे सर तर प्राचार्यांच्या लेखी आदेशाशिवाय माउसला हात लावेनात.

नमुना म्हणून माझा प्रस्ताव पडद्यावर लावला, कारण माझाच तेवढा भरून झाला होता. विषय, चिकूच्या फुलांवर येणारे कीटक. प्रयोगाची जागा विचारली होती, तिथे मी तात्पुरती तुमची पाम गावची चिकूची वाडी लिहिली. मालकाची संमती? आहे. दोन हंगाम फवारणी बंद ठेवणार? हो. (नंतर तुम्हाला विचारून खरे ते भरणार होतो, मामा, अगदी शपथेवर सांगतो.)

पण आमच्याकडे उद्घाटनाशिवाय काहीच सुरू होत नाही, मागे पाण्याच्या टाकीचेसुद्धा झाले होते. संस्थेचे अध्यक्ष कमलाकांतशेठ सकाळचे यायचे ते जेवणाच्या वेळी आले. नारळ फुटला. रिबन कुठे दिसेना, तेव्हा शेठ म्हणाले, "मंग आमी कापू काय?" प्राचार्यांनी मोठ्या मनाने माझ्या प्रस्तावाखालचे 'पाठवा' हे बटण दाखवले. हिमानी मॅडम "ते नको, ते खरं आहे" म्हणेपर्यंत शेठनी दाबले आणि टाळ्या झाल्या. पडद्यावर उमटले, प्रस्ताव मिळाला, आता बदल करता येणार नाही. त्यावर पुन्हा टाळ्या झाल्या.

तो प्रस्ताव पहिल्या चाळणीतून पास झाला आहे. शुक्रवारी दोन शास्त्रज्ञ वाडी बघायला येतात. मी तासिकेवर शिकवणारा माणूस, माझी नोकरी दरवर्षी संपते आणि दरवर्षी नव्याने मागावी लागते. अनुदान आणलेस तर तीन वर्षे राहा, असे प्राचार्य म्हणाले आहेत. मला हे शिकवणे फार आवडते, मामा. तुम्ही त्या दोघांसमोर कानावर हात ठेवलेत तर मी खोटारडा ठरेन आणि वर्गही जाईल. भीती वाटते, हे तुमच्यापासून काय लपवू?

बाकी सर्व क्षेम.

तुमचा भाचा,
ललित

ता. क. शुक्रवारी फक्त "संमती आहे" एवढे म्हणावे आणि दोन हंगाम फवारणी करू नये. बळजबरी नाही. तुमच्या शेजारचे कुंदनकाका आपली वाडी द्यायला एका पायावर तयार आहेत. फाटकावर शास्त्रज्ञांचा फलक लागेल, त्यावर त्यांचे नाव येईल, इतकेच.

आणखी ता. क. कुंदनकाकांकडे इतक्यात विषय काढू नये. त्यांना हे अजून ठाऊक नाही.

शेवटचा ता. क. कुंदनकाकांचे नाव घालायची युक्ती मामीची. शुक्रवारी पाहुण्यांना जेवायलाही तिनेच सांगितले आहे. आणि फवारणीच्या पंपाची नळी काल तिने माझ्याकडे धाडली. तेव्हा पंप चालेना झाल्यास बोईसरला दुरुस्तीला नेऊ नये.