कळंबाच्या वाडीचा इंग्रजी अर्ज

१३ फेब्रुवारी १९३९, सोमवार. शहापूर

'इनकन्व्हिनियन्स'! एकतीस घरांचं वर्षाचं भात जाणार, आणि आमचे हेडक्लार्क त्याला म्हणतात इनकन्व्हिनियन्स! गाडी चुकली आणि कसाऱ्याच्या स्टेशनात दोन तास बसावं लागलं, तर ती इनकन्व्हिनियन्स. उपाशी राहण्याला तो शब्द लावतात होय?

कळंबाच्या वाडीची माणसं सकाळी कचेरीत आली होती. वाडी उंबरमाळीच्या वर, डोंगरात. म्होरक्या लडकू म्हातारा, बरोबर त्याची बहीण बाईजा आणि आणखी चौघे. जंगलखात्याच्या नव्या गार्डने ऐनाच्या झाडांचे टाहाळ, म्हणजे पानांसकट फांद्या, तोडायला बंदी केली, सगळ्यांचे कोयते काढून घेतले. टाहाळ नाहीत तर राब कशाचा भाजणार? लडकू म्हणाला, "राब नाय भाजला तं रोप नाय धरायचं. रोप नाय तं आवणी कशाची करू? दगडांची?" मला हे समजावून सांगायला नको. भिवंडीकडे आमच्या घरीही रोपाची जागा आधी फांद्या-पाला घालून भाजतात, मगच बी टाकतात, आणि पावसात ते रोप उपटून शेतात लावतात, तीच आवणी. आणि ही माणसं झाडाचा शेंडा कधी तोडत नाहीत, एकाच ऐनाला दोन वर्षं लागोपाठ हात लावत नाहीत. गार्डला कोण सांगणार!

अर्ज त्यांच्या तोंडून मराठीत उतरवला, अंगठे घेतले, मग जंगलखात्याच्या गोऱ्या साहेबासाठी इंग्रजी केला. लडकूचा शब्द होता 'हाल'. मी लिहिलं 'हार्डशिप'. हेडक्लार्कांनी ते लाल शाईने खोडून वर 'इनकन्व्हिनियन्स' लिहिलं.

१४ फेब्रुवारी

कचेरी उघडायच्या आधी डिक्शनरी घेऊन बसलो. रागाच्या भरात इथेच मांडतो.

डिफिकल्टी – काम अवघड, पण जोर लावला की होतं. घाट चढताना गाडीला डिफिकल्टी असते. मागून दुसरं इंजिन लावतात, चढते बिचारी. ट्रबल – कोणीतरी किंवा काहीतरी पाठीस लागलेलं. दाढदुखी ट्रबल, गार्डही ट्रबल. न्यूसन्स – आमचे हेडक्लार्क. प्रॉब्लेम हा गणिताच्या पुस्तकातला, त्याचं उत्तर शेवटच्या पानावर छापलेलं असतं. पझल त्याच्यासाठी, ज्याचं पोट भरलेलं आहे आणि दुपार रिकामी आहे. डायलेमा – दोन वाटा, दोन्ही वाईट. टाहाळ तोडले तर कोर्ट, न तोडले तर उपास.

आणि हार्डशिप. त्यात सोडवायला काही नसतं, नुसतं सोसायचं असतं. माझा शब्द बरोबर होता!

हेडक्लार्क म्हणतात, "मराठीत या सगळ्याला एकच शब्द, अडचण. मग इंग्रजीत इतका काथ्याकूट कशाला?" एकच? पेच, पंचाईत, नड, कटकट, विघ्न, कुचंबणा, हाल – हे काय कानडी शब्द आहेत? स्वतःच्या भाषेबद्दल इतकं अडाणी राहून माणूस हेडक्लार्क होतो कसा, हेच एक पझल आहे.

१८ फेब्रुवारी, शनिवार

आज भांडलो. सरळ विचारलं, हार्डशिप का नको?

आधी उडवाउडवी. मग दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "पाटील, हार्डशिप लिहिलं की साहेबाला जातीने चौकशीला जावं लागतं. तसा नियम आहे. साहेब गेला की मला जावं लागतं. इनकन्व्हिनियन्स लिहा. आपण इथूनच छापील उत्तर पाठवू."

असं आहे तर! यांना तंबू, घोडं, कोंबड्यांची तजवीज नको, डोंगर चढायला नको. म्हणून एकतीस घरांचे हाल एका शब्दात दाबून टाकायचे. मी म्हणालो, "मग डोंगर चढण्याची इनकन्व्हिनियन्स तुमची आहे, त्यांची नव्हे." फार लागलं त्यांना. लागू दे.

१९ फेब्रुवारी

रविवार. शकू म्हणाली, "कचेरीतला राग कचेरीत ठेवून या. पोरं घाबरतात." बायकोचं खरं आहे. पण राग ठेवायला तिथे जागा उरली नाही.

२७ फेब्रुवारी, सोमवार

हेडक्लार्क मेहुणीच्या लग्नाला मुरबाडला गेले आहेत. त्यांनी दुरुस्त केलेल्या खर्ड्याची साफ प्रत मी काढायची होती. काढली. एक शब्द मात्र पुन्हा माझाच घातला – हार्डशिप, ठसठशीत अक्षरात – आणि सरळ साहेबाच्या टपालात टाकून दिली.

नोकरी जाईल? जावो! टाकण्याआधी मात्र दोनदा दाराकडे पाहिलं.

७ मार्च

साहेबाचा शेरा आला. चौदा तारखेला स्वतः वाडीवर येणार!! दुभाष्या म्हणून मला बरोबर घेणार. हेडक्लार्क म्हणाले, "फार शहाणे झालात." एवढंच. मग तंबू-कोंबड्यांची यादी करायला बसले.

वाडीला निरोप धाडला. टाहाळ आता तोडले तरच चैत्रात वाळून राब भाजता येईल. साहेब यायला अजून आठवडा आहे, पण तेवढा उशीर चालेल.

१४ मार्च, मंगळवार

संपलं! सगळं मातीत घातलं त्या म्हाताऱ्याने!

साहेब घोड्यावर, हेडक्लार्क आणि मी उन्हातून घाम गाळीत वर गेलो. मांडव घातलेला, अंगण सारवलेलं, खाटेवर धुतलेली गोधडी. बाईजाने तांब्याभर पाणी आणून पुढे केलं. साहेबाने मानेने नको म्हटलं, आपल्या बाटलीतलं प्याला आणि लगेच विचारलं. मी मराठीत सांगितलं, "लडकूबाबा, साहेब विचारतात, तुमचे हाल काय आहेत?"

आणि लडकूने हात जोडले. "हाल कसले साहेब? सगलं बरं हाय. तुमी आलेत, बसा. पानी घ्या."

बाईजानेही मान डोलावली. "बरं हाय, बरं हाय."

'नो हार्डशिप, सर.' हे मला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं! हेडक्लार्कांनी तिथल्या तिथे कागदावर घेतलं. दहा मिनिटांत साहेब घोड्यावर.

एक महिना मी कुणासाठी डोकं फोडून घेतलं? नोकरी कुणासाठी पणाला लावली? दारात सरकार येऊन उभं राहतं आणि हे सांगतात, बरं हाय! मग रडत कचेरीत आला होता कशाला?

१५ मार्च

पुन्हा कुणाचा अर्ज लिहिणार नाही.

२३ मार्च, गुरुवार

हुकूम आला. अर्ज नामंजूर. कारण – हाल नसल्याचं ग्रामस्थांनी समक्ष सांगितलं. हेडक्लार्कांनी तो सगळ्या कारकुनांसमोर मोठ्याने वाचला. दोनदा.

२६ मार्च, रविवार

लडकू बाजारात भेटला. मिठाची पुरचुंडी घेऊन चालला होता. मी भर रस्त्यात तोंड सोडलं. काय काय बोललो ते लिहिणार नाही. माझ्या बापाच्या वयाचा माणूस आहे.

त्याने मला रस्त्याच्या कडेला घेतलं. मग म्हणाला, "कारकूनदादा, पावना दारात आला. अजून पानी नाय प्याला. त्याला आमी रडगानी सांगायची? पयलं बरं हायच म्हनायचं. पानी होतं, पान होतं, मंग तो पुन्यांदा इचारतो. मंग सांगायचं. साहेब पानी न पिताच उठला, तं मी कवा सांगू?"

"अहो, पण साहेबाला तुमची रीत कशी कळणार?"

"साहेबाला नाय कलायची." त्याने पुरचुंडी या हातातून त्या हातात घेतली. "पन तुमी होतात ना तिथं."

आवाज चढवला नाही. यंदा पातेरा, म्हणजे गळलेला पाला, आणि शेण यांवर भागवू, निम्म्या जागेत तरी रोप धरेल, म्हणाला. मग शकूची, पोरांची चौकशी केली आणि गेला.

२७ मार्च

चौदा तारखेचं मी अर्धंच लिहिलं होतं.

लडकू 'बरं हाय' म्हणाला तेव्हाच मला समजलं होतं. माझी आई दारातल्या पाहुण्याला असंच सांगते. 'सर, पाणी घ्या आणि त्यांना पुन्हा विचारा' – 'नो हार्डशिप'च्या पाठोपाठ सांगायचं एवढं वाक्य इंग्रजीत जुळवून मी तोंडात तयार ठेवलं होतं. तेवढ्यात साहेब माझ्याकडे वळून म्हणाला, तुझं इंग्रजी फार चांगलं आहे, कुठे शिकलास?

मी कल्याणची शाळा, मास्तर, परीक्षेतले मार्क, सगळं सांगत राहिलो. तोवर घोडं आणलं होतं.